बारा महिन्यांचा विमा

९ एप्रिल. वर्षाचे गहू भरायचे होते.

दर वर्षी या सुमाराला मी देवासहून धारला माहेरी जाते ती याच कामासाठी. तिरल्याचा एक शेतकरी लोकवन गहू आणून टाकतो. आम्ही ते निवडतो, एरंडेल चोळतो आणि कोठीत भरतो. आईला घरात सगळे माई म्हणतात, मीसुद्धा. तिचे गुडघे गेले आहेत, नजर गेलेली नाही. ती खुर्चीवर बसून पुढ्यातल्या परातीत गहू चोळते आणि आमच्यावर देखरेख करते. शेतकऱ्यानं सांगितलेल्या वजनावर तिचा विश्वास बसत नाही, म्हणून पोती घरच्या काट्यावर चढतात. घरचा काटा धाकट्या भावानं आणलेला आहे, त्यामुळे त्याच्यावरही तिचा पुरता विश्वास नाही.

भावाचं गावात शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान आहे. आमचे पणजोबा दरबाराचे शिंपी होते, हे तो गिऱ्हाइकांना अजून सांगतो. गिऱ्हाइकं हो म्हणतात आणि भाव कमी करायला सांगतात. या धंद्यात कमाईचे महिने दोन, जून आणि जुलै. एप्रिलमध्ये नव्या वर्षाची थोडी गर्दी होते, पण तेव्हा हातातला पैसा कापडात अडकलेला असतो.

त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, मूल नाही. गेल्या वर्षी इंदूरच्या एका हॉस्पिटलात टेस्ट ट्यूबचा पहिला प्रयत्न झाला. पैसे गेले, हाती काही आलं नाही. या वर्षी दुसरा करायचं ठरलं, आणि खर्चाचं गणित पुन्हा माझ्याकडे आलं. मी देवासला एका कारखान्याच्या खरेदी खात्यात वीस वर्षांहून जास्त काढली आहेत. लोक कोटेशनमध्ये काय लिहितात आणि काय लपवतात, हे ओळखायचा पगार मला मिळतो.

या वेळची मांडणी सोपी होती. अंदाजे साडेतीन लाख लागणार. भाऊ एक लाख काढणार. मी बाथरूमची फरशी बदलायला ठेवलेले लाखभर देणार. उरलेल्यासाठी माईनं स्वतःहून आपल्या दोन पाटल्यांतली एक विकायला काढली होती. "एका हातात पाटली, एक हात रिकामा, बरं दिसेल का?" असं भावजय म्हणाली, तर माई म्हणाली, "मला काय कोणी बघायला येणार आहे?" अट एकच होती. हॉस्पिटलचा कागद आला की तो मी तिला वाचून दाखवायचा, ओळ न् ओळ.

"आला का तो कागद?" गहू चोळता चोळताच तिनं विचारलं.

"आलाय. गहू होऊ देत आधी."

"गहू पळून जात नाहीत. वाच."

कागद भावाच्या मोबाइलवर आला होता आणि त्यानं गेल्या वर्षीसारखाच तो न वाचता मला पुढे पाठवला होता. मीही अजून उघडला नव्हता. माझे हात कोपरापर्यंत तेलकट, म्हणून भावजयीनं माझा मोबाइल माझ्यासमोर धरला. मी इंग्रजी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. तपासण्या इतके. सोनोग्राफी इतके. प्रयोगशाळा इतके. भावजयीचा अंगठा जरा घाईत होता, एक ओळ संपायच्या आत कागद वर सरकत होता.

"थांब गं," मी म्हटलं. "मधलं राहिलं. एक्स्टर्नल सर्व्हिसेस, एक लाख पस्तीस हजार."

"म्हणजे काय?" माईनं विचारलं.

"बाहेरून घेतलेली कामं."

"बाहेरून काय घेतात? हॉस्पिटल आहे की तुमचा कारखाना?"

मलाही तेच विचारायचं होतं. माझ्या अनुभवात चोरी नेहमी 'इतर' आणि 'बाहेरील' याच ओळींत राहते. पण त्याखालची ओळ आधीच तोंडून गेली होती. "इन्शुरन्स, बारा महिने."

माईचा हात गव्हातच थांबला. "विमा?"

"विमा."

"कोणाचा?"

मी भावजयीकडे पाहिलं. ती म्हणाली, "माई, ती फॉर्मॅलिटी असते."

"मागच्या वेळी नव्हती ती फॉर्मॅलिटी."

हे खरं होतं. मागच्या वेळचा कागदही मीच वाचला होता.

माई मग आवाज न चढवता बोलली. तिचा आवाज चढला की आम्ही घाबरत नाही, उतरला की घाबरतो. "ह्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा माझी सही घेतली होती. तेव्हाही फॉर्मॅलिटीच म्हणाले होते. ह्यांना घरी आणलं ते कसं आणलं, तुम्ही पाहिलं आहे. ज्याच्या जिवाचा भरवसा नसतो त्याचाच विमा काढतात. मला नातवंड नको. सून पाहिजे. पाटली मिळणार नाही."

"माई, अहो तसं काही नाहीये..." भावजय म्हणाली.

"मग कसं आहे?"

भावजय गप्प बसली. तिच्या गप्प बसण्याचं मला नवल वाटलं. ही बाई दुकानात एका बटणासाठी गिऱ्हाइकाशी पाव तास भांडू शकते. पाटली हातची जाते आहे आणि तिच्याकडे उत्तर नाही, हे मला पटेना. कुठेतरी पाणी मुरत होतं.

जेवणं झाल्यावर मी गेल्या वर्षीचा कागद शोधून काढला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले. गेल्या वर्षी सगळ्यात मोठी रक्कम इंजेक्शनांची होती. रोज पोटात घ्यायची इंजेक्शनं, ती फ्रिजमध्ये ठेवायची म्हणून आम्ही दही बाहेर काढलं होतं. या वर्षी ती ओळच नव्हती. मोठा खर्च नाहीसा होतो, त्याच्या जागी अर्थ न लागणारा दुसरा मोठा खर्च येतो, आणि शिवाय विमा. कारखान्यात असं कोटेशन आलं असतं तर मी ते त्याच टपालानं परत पाठवलं असतं.

माझा पहिला संशय हॉस्पिटलवर होता. दुसरा भावावर, आणि तो लवकरच पहिल्याच्या पुढे गेला. तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या तोंडी शब्दावर त्यानं ट्रॅकसूटचा ढीग भरला होता. शाळेनं रंग बदलला. ही गोष्ट त्यानं घरात कित्येक महिने सांगितली नव्हती, ते ट्रॅकसूट माळ्यावर सापडले तेव्हा कळली. आता कापडवाल्याला ॲडव्हान्स द्यायचे दिवस. हॉस्पिटलमधल्या कोणाला हाताशी धरून त्यानं कागद फुगवला असेल तर? भावाबद्दल असं मनात आणणं बरं नाही, पण मनात आलं खरं, आणि मी दुकानात गेले.

तो ठाण मोजत होता. मी सरळ विचारलं, "बाहेरची कामं म्हणजे काय रे?"

इकडे आम्ही मोठ्या बहिणीला जिजी म्हणतो. तो म्हणाला, "जिजी, हॉस्पिटलवाले पॅकेज बदलत राहतात गं."

"पॅकेजमध्ये काय आहे?"

"आता मला डॉक्टरकीतलं काय कळतं?"

"सही करताना कळलं होतं?"

त्यानं ठाण पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. तेवढ्यात एक बाई मुलाला घेऊन आली. "भिया, पाँचवी का पैंट-शर्ट दिखाना, थोड़ा बड़ा, दो साल चल जाए." भाऊ इतक्या आनंदानं उठला की मुलाच्या मापाला त्यानं एरवीच्या दुप्पट वेळ घेतला. मी स्टुलावर बसून राहिले. बाई गेल्यावर तो म्हणाला, "जिजी, तू ते नको बघू. तुझे पैसे द्यायचे नसतील तर नको देऊ."

"देणार नाही असं मी कुठे म्हटलं?"

"मग विचारू नको."

पैसे दे आणि विचारू नको. हे वाक्य मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यातला एकही पुरवठादार पुढे आमच्या यादीत राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी देवासला परतताना मी इंदूरला उतरले आणि हॉस्पिटलात गेले. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी होती. गोड बोलणाऱ्या काउंटरला मी जास्त सांभाळून असते. मी कागद पुढे केला आणि त्या दोन ओळींवर बोट ठेवलं.

"मैम, आप पेशेंट की कौन?"

"ननद."

"सॉरी मैम. पेशेंट और उनके हस्बैंड के अलावा किसी को नहीं बता सकते."

"पैसे मैं दे रही हूँ."

"पैसे तो कोई भी दे सकता है मैम. जानकारी पेशेंट को ही मिलेगी."

ती हे हसून म्हणाली. मी मॅनेजरला बोलवायला सांगितलं. मॅनेजरनं हेच पुन्हा सांगितलं, फक्त न हसता. भिंतीवर गुबगुबीत बाळांचे फोटो होते आणि हप्त्यांवर उपचार मिळतील अशी पाटी होती. शेजारी बसलेला एक नवरा मोबाइलवर आकडेमोड करत होता आणि बायको त्याचा स्क्रीन पाहत होती. मी आणखी थोडा वेळ बसले आणि देवासची बस पकडली. बसमध्ये ठरवलं की खुलासा झाल्याशिवाय माझेही पैसे मिळणार नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी भावजय एकटी माझ्या दारात उभी. माझ्या नवऱ्यानं दार उघडलं, तिला पाणी दिलं आणि काहीतरी बायकांचं आहे हे ओळखून पेपर घेऊन गच्चीवर गेला.

"वन्सं, तुम्ही हॉस्पिटलात गेला होतात," ती म्हणाली. आमच्याकडे नणंदेला अजून वन्संच म्हणतात.

"गेले होते. तुला कोणी सांगितलं?"

"त्यांचा फोन आला, तुमच्याकडच्या कोणी येऊन चौकशी केली म्हणून."

"बरं. म्हणजे तेवढं तरी काम नीट करतात. घरी काय सांगून आलीस?"

"देवासच्या टेकडीवर देवीला जाऊन येते म्हणून."

"मग आधी टेकडीवर चल. खोटं कशाला?"

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मी चपला घातल्या तेव्हा तिला कळलं. उन्हं चढायच्या आत आम्ही वर गेलो, थोरली आणि धाकटी, दोन्ही देव्यांचं दर्शन घेतलं, आणि उतरताना सावलीतल्या एका कठड्यावर बसलो. खाली सगळं देवास दिसत होतं, कारखान्यांची पत्र्याची छपरं आणि त्यांच्यामध्ये आमची कॉलनी.

"वन्सं, बाहेरचं म्हणजे बीजांड," ती म्हणाली. "दुसऱ्या बाईचं. माझी होत नाहीत. मागच्या वेळी दोनच निघाली आणि तीही कामाची नव्हती. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा तेच कराल तर पैसे पाण्यात. दुसऱ्या बाईचं बीजांड घ्यायचं, ह्यांचं बीज, आणि वाढवायचं माझ्या पोटात. विमा त्या बाईचा आहे. बारा महिन्यांचा. कायद्यानं काढावा लागतो, आणि तो आपणच भरायचा."

"आणि इंजेक्शनं तिला."

"तिला."

सगळ्या ओळी जागच्या जागी बसल्या. मला आधी सुचलं नाही याचं आश्चर्य वाटलं. मी पैसे कुठे गेले ते शोधत होते, बाई कुठे आहे हे शोधलंच नव्हतं.

"हा मला का बोलला नाही?"

"मी शपथ घातली होती. तुमच्या पोटात गोष्ट राहते, वन्सं, हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या हिशेबात राहत नाही. तुम्ही माईंना कागद वाचून दाखवणार, माई विचारणार, आणि तुम्ही खोटं बोलणार नाही."

"कागद तर तुम्हीच मला पाठवला."

"ह्यांनी पाठवला! नेहमीच्या सवयीनं. मी त्यांना काय काय बोलले ते टेकडीवर बसून सांगण्यासारखं नाही."

तेव्हा मला हसू आलं. तिलाही आलं, पण थोडंसंच. मग ती म्हणाली, "मनावर गावच्या काकूंनी मुलगा दत्तक घेतला, त्याला किती वर्षं झाली? माई अजून त्याला पाहुण्यांच्या कपात चहा देतात. घरच्या मुलांना स्टीलचा पेला आणि त्याला कप-बशी. वाईट कधी बोलल्या नाहीत हो त्याला. फक्त कप-बशी देतात. माझ्या मुलाला मला कप-बशी नको आहे."

ती कप-बशी मी स्वतःच्या हातानं कितीदा विसळली आहे.

संशयी माणसाला गप्प बसून फार वेळ राहता येत नाही. मी विचारलं, "ती बाई तुम्ही पाहिलीत का?"

"दाखवत नाहीत. नावही सांगत नाहीत. तिला आपलं नाव कळणार नाही, आपल्याला तिचं नाही. लग्न झालेली आहे आणि तिला स्वतःचं मूल आहे, एवढं सांगितलं. तसा नियमच आहे म्हणे."

"मग अशी बाई खरोखर आहे कशावरून? लाखावर पैसे घ्यायचे आणि बाईच नसायची."

"माझ्याही मनात तेच आलं होतं."

मी थोडा विचार केला. "विमा कंपनी हॉस्पिटलची आहे का?"

"नाही. बाहेरची."

"मग बाई आहे. नुसत्या डॉक्टरांच्या शब्दावर विमा कंपनी नसलेल्या माणसाचा विमा काढत नाही. पॉलिसीचा नंबर मागून घे. नाव झाकून देऊ देत, नंबर पाहिजे."

म्हणजे माईला ज्या ओळीनं घाबरवलं, त्याच ओळीनं माझी खात्री पटली. आमच्या दोघींमध्ये एवढाच फरक आहे, बाकी मी तिचीच मुलगी.

आता खरी अडचण उरली. मी ती सरळ मांडली. "माईची पाटली घ्यायची आणि पैसे कशाला गेले ते तिला सांगायचं नाही, हे मला जमणार नाही. जो पैसे देतो त्याला काय विकत घेतलं हे कळलं पाहिजे."

तिचा चेहरा एकदम कठीण झाला. "मग पाटली नको."

"आणि पैसे?"

"जुलैत दुकानाचे येतील तेव्हा बघू."

"जुलैत शिलाईच्या उधाऱ्या, कापडवाल्याचे पैसे आणि दुकानाचं भाडं द्यायचं येतं. उरलं तर दिवाळीला येईल."

"दिवाळीला मी चाळिशीची. डॉक्टरबाई म्हणाल्या, उशीर करू नका." ती उठून उभी राहिली. "पण सांगायचं नाही, वन्सं. मूल माझ्या पोटात वाढणार आहे. पैसे कोणाचेही असोत. हे कोणाला सांगायचं आणि कधी, ते मी ठरवणार. तुम्ही नाही, आणि पाटलीही नाही."

काउंटरवरची ती हसरी मुलगी मला आठवली. तीही हेच म्हणाली होती. तेव्हा मला ते उद्धट वाटलं होतं.

खाली उतरताना मी पुढे चालले. ती रडते आहे का हे पाहिलं नाही. एक तर ते मला जमत नाही, आणि दुसरं म्हणजे डोक्यात आकडे फिरत होते. साडेतीन लाख ही एक रक्कम धरली की माईचा पैसा सगळीकडे मिसळतो. पण रक्कम एक नाहीच. तिच्या ओळी आहेत, आणि कोणत्या ओळीला कोणाचा पैसा हे ठरवता येतं. कारखान्यात आम्ही हे रोज करतो. यंत्राचा निधी वेगळा, दुरुस्तीचा वेगळा, एकाचा रुपया दुसऱ्यात गेला तर ऑडिटवाला बोट ठेवतो. बाहेरचं काम आणि विमा मिळून साधारण दीड लाख होत होते. माझ्याकडे लाख होते. कारखान्याच्या पतसोसायटीतून पन्नास हजारांचं कर्ज काढता येईल. फरशी काही पळून जात नव्हती.

मी घरी जाऊन पिशवीत एक साडी टाकली, नवऱ्याला म्हटलं, "भाजी फ्रिजमध्ये आहे, मी धारला जाते."

तो म्हणाला, "कालपरवा तर आलीस."

"काम राहिलंय."

"फरशीवाल्याला सोमवारी बोलावलं आहे."

"त्याला सांग, दिवाळीनंतर."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणाला. याच स्वभावामुळे आमचा संसार झाला.

धारला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. माई देवापुढे वाती करत होती. तिनं आधी सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "देवीनं हिला तुझ्याच घरी पाठवलं वाटतं."

"आम्ही दोघी वर जाऊन आलो. प्रसाद आणलाय." मी तिच्या हातावर प्रसाद ठेवला आणि लगेच सुरुवात केली, कारण तिच्यासमोर बसून योग्य वेळेची वाट पाहिली की ती वेळ तीच ठरवते. "माई, तो विमा हिचा नाही. मी खात्री करून घेतली."

"कोणाकडून?"

"जिला माहीत आहे तिच्याकडून."

"मग कोणाचा?"

"ते सांगणार नाही."

"सांगता येत नाही की सांगायचं नाही?"

"सांगायचं नाही."

ती वात वळायची थांबली. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ दुकान बंद करून नुकताच आला होता, तो चपला काढायचं विसरला.

मी पुढे म्हटलं, "या वेळी हिला मागच्यापेक्षा कमी त्रास आहे. ती रोजची इंजेक्शनं नाहीत. भूल नाही. जिवाला धोका नाही. आणि तुझ्या पाटलीतला एकही रुपया त्या दोन ओळींवर जाणार नाही. तुझे पैसे हिच्या औषधांना, हिच्या तपासण्यांना, प्रयोगशाळेला आणि हिच्या खाटेला. त्या दोन ओळी मी भरते."

"तू?"

"मी."

"आणि तुझी फरशी?"

"राहू दे."

माई माझ्याकडे बघत राहिली. पोत्याचं वजन करताना काट्याकडे बघते, अगदी तशी. "तू भाजीवालीला दोन रुपये सोडत नाहीस."

"नाही सोडत."

"म्हणजे काहीतरी मोठं आहे."

"आहे."

"लाजिरवाणं आहे?"

"नाही."

"माझ्यापासून लपवायचं आहे."

भावजय दारातून म्हणाली, "माई, मी सांगेन. पण आता नाही. मला जेव्हा सांगावंसं वाटेल तेव्हा."

"मी तोवर असले पाहिजे ना."

"असाल की! मला बोल लावायला कोण राहील नाहीतर?"

भाऊ तोंड फिरवून हसला. माई हसली नाही. तिनं वात पुरी वळली, दुसरी घेतली. मला वाटत होतं की ती नाही म्हणेल, आणि तिला तसं म्हणायचा हक्क आहे हेही मला मान्य होतं. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तिनं विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही.

"घाबरली आहेस का गं?" तिनं सुनेला विचारलं.

"हो," भावजय म्हणाली. "पण मरायला नाही. पुन्हा नाही झालं तर, त्याला."

"हं." माईनं वातींची जुडी बाजूला ठेवली. "माझ्या पैशांची पावती वेगळी पाहिजे. दुसऱ्या कोणाच्या पैशांत मिसळायची नाही. त्यावर फक्त हिचं औषध, हिची तपासणी, हिची खाट. तुम्ही जे म्हणता ते त्या कागदावर दिसलं पाहिजे. दुसरा कागद मला दाखवू नका. मी मागणार नाही."

मग ती भावाला म्हणाली, "चपला काढ. घरात चपला घालून काय ऐकत बसलास?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटल उघडल्याबरोबर मी फोन लावला. या वेळी आधी भावजय बोलली, "मैं पेशेंट बोल रही हूँ, मेरी ननद को सब बता सकते हैं," आणि मग फोन माझ्याकडे दिला. मला हिशेबाच्या माणसाशी जोडलं. मी त्याला सांगितलं की बिलं दोन करा. बाहेरील सेवा आणि विमा एका बिलावर, ते माझ्या नावानं. बाकी सगळं दुसऱ्या बिलावर, आणि त्यात आईच्या पैशांची पावती भावाच्या पैशांपासून वेगळी, आईच्या नावानं. आणि विमा पॉलिसीचा नंबर पेशंटच्या मोबाइलवर पाठवा.

"दो बिल क्यों मैडम? इनकम टैक्स का कोई मामला है?"

"नहीं. घर का मामला है."

"घर के लिए कोई दो बिल नहीं बनवाता मैडम."

"हमारे यहाँ बनवाते हैं."

मी त्याला ओळखलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हा फोन संशयानंच ऐकला असता. त्यानं माझा पॅन नंबर मागितला, मी दिला. त्यानं आधार मागितलं, तेही दिलं. मग तो साहेबांना विचारून आला आणि म्हणाला, "बन जाएँगे, पर पहले वाले बिल का पैसा आज ही आना चाहिए."

माझे लाख मी तिथेच मोबाइलवरून पाठवले आणि उरलेल्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला. पैसे पोचल्याचा मेसेज आला तेव्हा माई न्हाणीजवळ स्टुलावर बसून पाटली ओढत होती. इतक्या वर्षांत ती कधी उतरवली नव्हती, आणि मनगट आता जाड झालं होतं. मी कोमट पाणी आणि साबण नेला आणि तिचा हात माझ्या मांडीवर घेतला.